वाफेची इंजिनं, जुने डबे आणि माथेरानची गाडी: आम्हाला हमखास विचारले जाणारे प्रश्न

नेरळच्या छोट्या फलाटावर आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी घुटमळताना दिसलो की लोकांना वाटतं, हे रेल्वेचेच कर्मचारी. तसं काही नाही. कोणी डोंबिवलीचा, कोणी मुलुंडचा, कोणी गिरगावचा, आणि सगळ्यांना इंजिनांचं वेड. पण प्रश्न विचारायला माणूस गणवेश बघत नाही. तेच ते प्रश्न इतक्या वेळा आले की शेवटी लिहून काढले. उत्तरं माझी आहेत. आमच्यातल्या निम्म्यांना ती पटत नाहीत, तेही जागच्या जागी सांगितलं आहे.

माथेरानची गाडी अजून वाफेवर चालते का?

नाही. रोजच्या गाडीला डिझेल इंजिन असतं. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याच्या खटपटीतून हा मार्ग उभा राहिला आणि १९०७ मध्ये सुरू झाला, तेव्हा अर्थातच सगळा कारभार वाफेवर होता. १९५० च्या दशकात जर्मनीहून डिझेल इंजिनं आली. त्यानंतरही वाफेची इंजिनं बरीच वर्षं सोबतीला होती आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती कायमची थांबली. पुढे या शतकाच्या सुरुवातीला दार्जिलिंगहून ‘बी’ वर्गातलं ७९४ क्रमांकाचं इंजिन इकडे आणलं, तेलावर चालेल असं करून घेतलं आणि अधूनमधून हौसेनं चालवलं. आजीला घेऊन या, ‘तुमच्या वेळची गाडी’ दाखवतो, असं घरी कबूल करून आला असाल तर मात्र पंचाईत आहे.

पण व्हिडिओत तर धूर सोडणारं काळं इंजिन दिसतं!

दिसतं, आणि आमच्यातलं सगळ्यात मोठं भांडण त्याच्यावरूनच आहे. ते आतून डिझेलच आहे. वर बॉयलरसारखं नळकांडं, पुढे धुराडं, वाफेचा भास देणारी सोय आणि आवाजासाठी स्पीकर. गुजरातेत अहमदाबाद ते एकतानगर अशी जी हेरिटेज गाडी २०२३ मध्ये सुरू झाली, तिथेही हीच युक्ती आहे, फक्त आत वीज आहे.

आमच्यातले कडवे म्हणतात, ही शुद्ध फसवणूक. काही जण म्हणतात, पोरं खूश होतात, चार तिकिटं जास्त खपतात, मार्ग चालू राहतो, तुमचं काय गेलं? दोन्ही बाजूंचं मला थोडं थोडं पटतं. गणपतीत मंडळं अख्खी सीएसएमटी थर्माकोलची उभी करतात, तेव्हा फसवलं असं कोणी म्हणत नाही, कारण तो देखावा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथेही तेवढंच करावं. इंजिनाशेजारी एक पाटी लावावी: ‘हा देखावा आहे, आत डिझेल आहे.’ मग माझी तक्रार नाही.

एक मात्र खरंच खुपतं, तो आवाज. दोन सिलिंडरच्या साध्या वाफेच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी आलटून पालटून वाफ काम करते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्याला चार ‘झुक’ ऐकू येतात. गाडी चढाला लागली की चारही खोल आणि संथ होतात, चाक घसरलं की एकदम घाईघाईत धडाधड होतात. अनुभवी कान नुसत्या आवाजावरून सांगतो की झडपा नीट बसवल्यात की एखादी लंगडते आहे. स्पीकरमधला झुकझुक चाकाशी बोलतच नाही. आंधळ्या माणसाला घड्याळाची टिकटिक ऐकवावी आणि काटे मात्र भलतीकडेच असावेत, तसं काहीसं.

धुराचंही तेच. इंजिनाच्या फोटोतले पांढरेशुभ्र ढग हे थंड हवेत वाफ निवून झालेले पाण्याचे बारीक थेंब असतात. एप्रिलच्या नेरळमध्ये खऱ्या इंजिनाची वाफसुद्धा धुराड्याबाहेर पडताच विरून जाते. तेव्हा भर उन्हाळ्यात भरघोस पांढरा ढग दिसला की आमचा एक मित्र लगेच म्हणतो, ‘हा लग्नातला धूर.’

पूर्वीच्या त्या इंजिनांचं एवढं कौतुक का?

कारण ती या डोंगरासाठीच बेतलेली होती. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर, माथेरान ८०० मीटरच्या आसपास आणि मधे साधारण २० किलोमीटरचा रूळ. काही ठिकाणी चढ १:२०, म्हणजे वीस पावलं पुढे गेलात की एक पाऊल वर. आपल्या बोरघाटातला १:३७ चा चढ मोठ्या गाड्यांना मागून इंजिन लावायला लावतो, हे लक्षात घ्या. आणि वळणं अशी की शेवटच्या डब्यातून स्वतःच्याच गाडीचं इंजिन समोरून येताना दिसावं.

जोर हवा तर जास्त चाकं इंजिनाच्या ताकदीला जोडायला हवीत. जास्त चाकं जोडली की इंजिन लांब होतं आणि लांब ताठ इंजिन वळणावर अडतं, चाकाची कड रुळाला घासते, रूळही झिजतो आणि चाकही. दार्जिलिंगवाल्यांनी यातून सुटका करून घेतली ती फक्त चार चाकांचं आखूड इंजिन ठेवून. निलगिरीत मधे दातेरी पट्टी टाकली. माथेरानला, बार्शी लाइट रेल्वे उभी करणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपच्या सल्ल्यानं, सहा चाकांची चार इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलकडून बनवून घेतली आणि त्यांच्या पुढच्या व मागच्या अॅक्सलला (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याला) ‘क्लीन-लिंडनर’ नावाची करामत बसवली.

ती अशी: चाकं थेट अॅक्सलवर नसतात, तर अॅक्सलभोवतीच्या एका पोकळ नळीवर असतात. आतला अॅक्सल चौकटीत सरळ फिरतो, त्याच्या मध्यावर एक गोलसर सांधा असतो आणि त्या सांध्यातून ताकद नळीला मिळते. वळण आलं की आतला अॅक्सल जागच्या जागी आणि बाहेरची नळी चाकांसकट थोडी तिरकी. सहाही चाकं ओढतात आणि तरी इंजिन वळतं. मी कागदाची सुरळी आणि पेन्सिल घेऊन हे दाखवतो, कधी भेटलात तर विचारा.

या करामतीवरही टीका करणारे आहेत. सांधा लवकर झिजतो, देखभाल फार, साधं इंजिन बरं, असं आमच्यातले एक निवृत्त फिटरकाका ठासून सांगतात. ज्यानं हातानं पाने फिरवले, त्याच्यापुढे मी गप्प बसतो. पण सत्तर-पंचाहत्तर वर्षं तीच चार इंजिनं तो डोंगर चढत होती, हेही त्यांना ऐकवतोच.

ती चार इंजिनं आता कुठे आहेत?

क्रमांक ७३८ ते ७४१. ७३८ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, ७४० इंग्लंडला गेलं, उरलेल्या दोघांचा मुक्काम नेरळ-माथेरानकडेच राहिला. सहाव्या इयत्तेतल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, ‘म्हणजे चार भावंडांपैकी एक परदेशी गेलं?’ मुंबईतल्या घरांचं प्रमाण साधारण तेच.

उभं असलेलं जुनं इंजिन पुन्हा पेटवायला काय लागतं? नुसता कोळसा घातला की झालं ना?

पहिली गोष्ट बॉयलर. बॉयलर म्हणजे दाबाखाली उकळत्या पाण्याचं भांडं आणि ते फुटलं तर प्रेशर कुकरच्या शिटीइतकं निरुपद्रवी नसतं. म्हणून त्याची तपासणी, दाबाची चाचणी, नळ्या बदलणं हे सगळं आधी येतं. वर्षानुवर्षं पावसात उभ्या राहिलेल्या इंजिनाचं बाहेरून रंगवलेलं अंग छान दिसतं, आतला पत्रा किती उरला आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही. बहुतेक वेळा खर्चाचा आकडा इथेच फुगतो.

दुसरी गोष्ट माणूस. वाफेचं इंजिन चावी फिरवून सुरू होत नाही. थंड बॉयलर हळूहळू तापवावा लागतो, काही तास जातात, घाई केली तर वेगवेगळे भाग कमी-जास्त फुगतात आणि सांधे गळायला लागतात. मग चालताना फायरमनला, म्हणजे आग सांभाळणाऱ्याला, सतत बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीवर डोळा ठेवावा लागतो. घाटात हे आणखी अवघड, कारण इंजिन तिरकं झालं की आतलं पाणीही कलतं आणि नळी खोटं बोलते. पाणी फारच खाली गेलं तर इंजिनाच्या भट्टीच्या छपरातलं शिशाचं बूच वितळतं, वाफ आगीवर पडते आणि आग दबते. बॉयलर वाचतो. पण ते बूच वितळणं ही फायरमनसाठी शरमेची गोष्ट समजली जायची. ही विद्या पुस्तकातून येत नाही आणि येणाऱ्यांची वयं आता बघा.

माथेरानच्या वाटेवर ‘वॉटर पाइप’ नावाचं स्टेशन आहे. लोक नावाला हसतात. वाफेच्या काळात इंजिनांना तिथे पाणी मिळायचं, एवढी साधी गोष्ट त्या नावात आहे.

सगळे भाग बदलले तर ते जुनं इंजिन राहतं का?

गिरगावातल्या आमच्या चाळीचा जिना बदलला, कठडे बदलले, कौलं जाऊन पत्रे आले, निम्म्या तुळया नव्या. चाळ तीच, असं सगळे म्हणतात, फक्त बिल्डर म्हणत नाही. इंजिनाबाबत मी चाळकऱ्यांच्या बाजूचा.

‘फेअरी क्वीन’ घ्या. १८५५ चं, लीड्सला बनलेलं इंजिन. १९९७ मध्ये पुन्हा धावतं केलं आणि नियमित धावणारं सर्वांत जुनं म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली. त्यात नवं काय काय घातलं याची यादी काढून नाक मुरडणारे आहेतच. त्यांचं म्हणणं, मूळ पत्रा जसा आहे तसा काचेआड ठेवा, कारण पेटवला की पुरावा संपला. हा मुद्दा पोकळ नाही. एखाद्या इंजिनाचा तेवढा एकच नमुना शिल्लक असेल तर मीही त्याला पेटवू नका म्हणेन. पण एकाच जातीची दोन असतील तर एक झोपू द्या आणि एक चालवा. निलगिरीसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यानं जुन्या आराखड्यावर नवी इंजिनंच बांधली. मला तर तो रस्ता सर्वांत प्रामाणिक वाटतो: नवं आहे, नवं म्हणून सांगितलं आहे आणि खरोखर वाफेवर चालतं.

कोळसा की तेल?

वास कोळशाचा, शहाणपण तेलाचं. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, वर मोटारगाड्यांना बंदी आहे आणि फेब्रुवारीनंतर डोंगरावरचं गवत काडेपेटीची वाट बघत असतं. तिथे धुराड्यातून निखारे उडवत जाणं परवडणारं नाही. कोळशाच्या गाडीतून उतरताना डोळ्यात कण गेला की आई पदराला फुंकर मारून शेकायची, ही आठवण सांगणारे सगळे त्या कणाबद्दल आता प्रेमानं बोलतात. तेव्हा रडत होते.

सगळे इंजिनाबद्दलच बोलता. डब्यांचं काय?

हा प्रश्न दहा जणांत एक विचारतो आणि त्या एकाला मी चहा पाजतो.

इंजिन जपलं जातं कारण ते लोखंडाचं आहे, रुबाबदार आहे आणि चौथऱ्यावर ठेवता येतं. डबा लाकडाचा असतो, त्याला पाऊस आणि वाळवी लागते, आणि सेवेतून काढला की त्याचं गोदाम, कोठी नाहीतर सरपण होतं. कोकणाच्या वेशीवरच्या पावसात उघड्यावरचं लाकूड किती वर्षं टिकणार? त्यामुळे वारसा गाडी म्हणून आपण जे बघतो, त्यात बरेचदा इंजिन आजोबांच्या काळचं आणि डबे नातवाच्या. पण प्रवासी कधी इंजिनात बसला का? माणसांनी ज्या फळीवर बसून डबा उघडून थालीपीठ खाल्लं, ज्या खिडकीवर कोपर ठेवून कोपर काळं केलं, ती फळी आणि ती खिडकी हाच त्यांचा इतिहास.

मी जुन्या डब्यात शिरलो की आधी खिडकीची लाकडी झडप वर-खाली करून बघतो. खिळ्याचा आवाज, पट्ट्याची खोबण, बाकाचा कोन. माथेरानच्या गाडीचे डबे कुर्डुवाडीच्या कारखान्यात बनतात. आता त्यांत काचेच्या छताचे आणि वातानुकूलितही आले आहेत. छान आहेत, दरी दिसते. पण काच बंद असेल तर जुम्मापट्टीच्या पुढे येणारा पानांचा ओला वास आत येत नाही आणि तिकिटाच्या निम्म्या किमतीचा माल तोच आहे, असं माझं मत. (आमच्या सौभाग्यवतींचं मत: ऊन लागत नाही हे महत्त्वाचं. मत नोंदवून घेतलं आहे.)

डब्यांच्या मधे उभी असलेली माणसं कोण?

ब्रेकवाले. या छोट्या गाडीत प्रत्येक डब्याला हाताचा ब्रेक असायचा आणि उतारावर शिटीच्या इशाऱ्यावर ही माणसं तो आवळायची, सैल करायची. इंजिन एकटं गाडी धरून ठेवू शकत नाही; १:२० च्या उतारावर मागचे डबेच इंजिनाला ढकलतात. वेग ताशी २० किलोमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि एका ब्रेकवाल्यानं जास्त आवळलं तर चाक रुळावर घसटत जायचं. हाताच्या अंदाजाचं काम. नंतर हवेचे ब्रेक आले, सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच होते. मला विचाराल तर या मार्गावरची सर्वांत मोलाची गोष्ट त्या माणसांच्या मनगटात होती, पण मनगट संग्रहालयात ठेवता येत नाही.

गाडीचा खरा रंग कोणता?

यावर मैत्र्या तुटल्या आहेत. जुन्या कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवणारे लोक एक विसरतात: त्या काळच्या काचपट्ट्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल डबा फोटोत काळपट येई आणि निळा फिकट. त्यामुळे ‘बघा, डबा काळाच होता’ हा पुरावा नाही.

रंगाचा चोख लेखी पुरावा असलेलं मुंबईकरांचं उदाहरण म्हणजे डेक्कन क्वीन. ती पहिल्या दिवसापासून विजेवर, मग वाफेच्या पानावर कशाला? डब्यांसाठी. १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या, एक रुपेरी आणि त्यावर किरमिजी पट्ट्या, दुसरी गडद निळी आणि सोनेरी रेघा. खालचे सांगाडे इंग्लंडहून आले आणि वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधले. १९६६ मध्ये पेरांबूरचे पोलादी डबे आले. ते जुने माटुंग्याचे डबे आज उभे असते तर मी रोज दादरहून वाट वाकडी करून बघायला गेलो असतो.

बोरीबंदर-ठाणे पहिल्या गाडीचं इंजिन कुठे बघायला मिळेल?

कुठेच नाही. १६ एप्रिल १८५३ ला चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन गाडी निघाली, तिला एक नव्हे, तीन इंजिनं होती: साहिब, सिंध आणि सुलतान. तिन्हींपैकी एकही जपलेलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी, मार्ग बांधताना माल ओढायला आणलेल्या ‘लॉर्ड फॉकलंड’ या इंजिनानं मुंबईकरांना पहिल्यांदा वाफ दाखवली, तेही गेलं. व्हॉट्सअॅपवर दर एप्रिलला ‘भारताची पहिली गाडी’ म्हणून फिरणाऱ्या फोटोत बहुधा फेअरी क्वीन असते आणि ती तर त्या दिवशी जन्मलीही नव्हती.

मुंबईतच राहून वाफेचं इंजिन बघायचं असेल तर?

चर्चगेटला पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयाबाहेर नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांवरचं, एक चिमुकलं लाल इंजिन उभं आहे. रोज लाखो लोक त्याच्या शेजारून धावतात आणि कोणी मान वळवत नाही. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारातही एक आहे, पोरांना घेऊन जायला ते सोयीचं. फार अपेक्षा ठेवू नका. या शहरात ३ फेब्रुवारी १९२५ लाच व्हीटी-कुर्ला विजेची लोकल सुरू झाली, त्यामुळे बाकी देशाच्या आधी मुंबईकर वाफ विसरायला लागला.

पावसाळ्यात यावं का?

नेरळ ते अमन लॉज गाडी पावसाळ्यात बंद असते, वरची अमन लॉज-माथेरान फेरी तेवढी चालू असते. डोंगर पावसात रूळ खातो: २६ जुलै २००५ च्या पावसानं मार्ग इतका उद्ध्वस्त केला की गाडी २००७ मध्येच परत सुरू झाली, आणि २०१९ च्या नुकसानीनंतर पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला झाला.

फोटोसाठी चांगली जागा?

रुळावर नाही, एवढं एकच सांगतो. गाडी हळू असते म्हणून लोकांना वाटतं बाजूला होता येईल. मागे दरी आहे.

कुठल्या डब्यात बसू?

शक्यतो शेवटच्या. पहिल्या डब्यात बसणाऱ्याला इंजिनाची फक्त पाठ दिसते. शेवटच्या डब्यातून वळणावर अख्खी गाडी दिसते, इंजिन, मधले डबे, खिडक्यांतून बाहेर आलेले हात. आणि गाडी उलट दिशेनं उतरायला लागली की तो डबा पहिला होतो का, असं विचारू नका. इंजिन फिरवून पुढेच लावतात, तेव्हा परतीलाही पुन्हा शेवटचाच धरा.